सर्व्हरचे गुंतागुंतीचे कॉन्फिगरेशन: शेफ, हायरा, ॲन्सिबल की जेसॉनेट?

कॉन्फिगरेशन दहा-वीस ओळींचे असते तोवर ते कुठेही ठेवले तरी चालते. प्रश्न उभा राहतो तो एका गटात दुसरा गट, त्यात तिसरा, अशी रचना वाढत गेल्यावर आणि त्यातील काही मूल्ये थेट न लिहिता इतर मूल्यांवरून काढायची वेळ आल्यावर. अशा वेळी साधन निवडताना एक छोटी चाचणी उपयोगी पडते. ‘ॲप’ नावाच्या गटात ‘मूळ डिरेक्टरी’ ही एक नोंद आहे आणि ‘लॉग डिरेक्टरी’ ही दुसरी नोंद तिच्यावरूनच तयार होते, असे समजा. प्रॉडक्शनसाठी केवळ मूळ डिरेक्टरी बदलली, तर लॉग डिरेक्टरी आपोआप बदलते का, आणि गटातील बाकीच्या नोंदी जागच्या जागी राहतात का? पुढील चारही साधने या दोन प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे देतात.

शेफ हे सर्व्हरची मांडणी आपोआप लावणारे साधन आहे. त्याची ॲट्रिब्यूट फाईल (कॉन्फिगरेशनची मूल्ये ठेवणारी फाईल) म्हणजे रुबी या प्रोग्रामिंग भाषेतलाच कोड असल्यामुळे मूल्य कसेही काढता येते. मात्र ते फाईल वाचली जाते त्याच क्षणी काढले जाते. नंतर एखाद्या रोलने (सर्व्हरच्या भूमिकेनुसार मूल्ये देणाऱ्या फाईलने) किंवा रॅपर कुकबुकने (दुसऱ्या कुकबुकची मूल्ये बदलणाऱ्या कोडच्या संचाने) मूळ डिरेक्टरी बदलली, तरी लॉगची नोंद जुन्या मूल्यावरून आधीच बनलेली असते आणि तशीच राहते. यात त्रासदायक बाब अशी की कोणतीही त्रुटी दिसत नाही. सर्व्हिस सुरळीत सुरू होते आणि लॉग भलत्याच डिस्कवर साठत राहतात. यावर उपाय आहेत. अवलंबून असलेले मूल्य ॲट्रिब्यूट फाईलमध्ये न काढता रेसिपीमध्ये (सर्व्हरवर काय करायचे ते सांगणाऱ्या कोडमध्ये) काढावे, किंवा रिसोर्सच्या (फाईल, पॅकेज अशा एका घटकाच्या) प्रॉपर्टीला ‘लेझी’ ब्लॉक द्यावा, म्हणजे ते प्रत्यक्ष अंमलबजावणीच्या टप्प्यात ठरते. हा दुसरा उपाय आणखी एका कारणासाठी मोलाचा आहे: त्याच रनमध्ये एखादे पॅकेज बसल्यानंतरच कळणारी माहिती, उदाहरणार्थ बसलेली आवृत्ती, त्यातून वापरता येते. गटांच्या विलीनीकरणात शेफ उदार आहे, कारण डीफॉल्ट, नॉर्मल, ओव्हरराइड अशा पातळ्यांवरील हॅश (नाव-मूल्याच्या जोड्यांचे गट) तो आतपर्यंत मिसळतो. ॲरेंचा (याद्यांचा) नियम मात्र निराळा आहे. डीफॉल्टच्या उपपातळ्यांमधील ॲरे एकत्र होतात, पण ओव्हरराइड पातळीवरील ॲरे डीफॉल्टच्या ॲरेची जागा सरळ घेते. एखादे मूल्य कोणत्या पातळीवरून आले हे नोडच्या ‘डीबग व्हॅल्यू’ या मेथडने पाहता येते, आणि तिची गरज वारंवार पडते.

पपेट या शेफसारख्याच साधनासोबत येणाऱ्या हायराची भूमिका याच्या नेमकी उलट आहे: डेटा यामल या साध्या मजकूर-स्वरूपात असावा आणि त्यात तर्क जवळजवळ नसावाच. मशीनची माहिती किंवा दुसरी नोंद टक्क्याचे चिन्ह आणि महिरपी कंस वापरून मजकुरात गुंफता येते. मूळ डिरेक्टरी वरच्या स्तरावरची स्वतंत्र नोंद म्हणून ठेवली आणि लॉगच्या नोंदीत ‘लुकअप’ने तिचा उल्लेख केला, तर तो उल्लेख फाईलींची संपूर्ण उतरंड (कोणती वर, कोणती खाली हा क्रम) पाहून सोडवला जातो आणि चाचणीचा पहिला भाग पार पडतो. दुसऱ्या भागात नवखे हमखास अडखळतात. सर्वांत वरच्या फाईलमध्ये सापडलेले पहिले मूल्य घेणे हे हायराचे मूळ वर्तन आहे. म्हणून प्रॉडक्शनच्या फाईलमध्ये ‘ॲप’ गटातील एकच नोंद लिहिली, तर खालच्या फाईलमधील उरलेला गट गायब होतो. खोलवर विलीनीकरण हवे असल्यास ‘लुकअप ऑप्शन्स’मध्ये त्या नोंदीसाठी तसे स्पष्ट सांगावे लागते. मजकुरात गुंफलेले मूल्य स्ट्रिंग बनते. ॲरे किंवा हॅश जशीच्या तशी आणायची तर ‘एलियस’ लागतो, आणि तो त्या मजकुरात एकटाच असावा लागतो. बेरीज-वजाबाकी किंवा अट यांना येथे जागा नाही. मला ही मर्यादा गुण वाटते, कारण ज्याला रुबी येत नाही असा सहकारीही ही फाईल निर्धास्तपणे बदलू शकतो. शिवाय ‘पपेट लुकअप’ला ‘एक्स्प्लेन’ हा पर्याय दिला की प्रत्येक पायरीवर काय सापडले आणि काय नाही याचा पूर्ण माग मिळतो. इतर तिघांकडे इतके चांगले स्पष्टीकरण नाही.

ॲन्सिबल या तशाच साधनामध्ये व्हेरिएबलमधील जिंजा टेम्प्लेट (मूल्ये भरायच्या जागा असलेला मजकूर) मूल्य वापरले जाते तेव्हा सोडवले जाते, त्यामुळे मूळ डिरेक्टरी स्वतंत्र व्हेरिएबल असेल तर लॉगची नोंद बिनबोभाट तिच्यामागे जाते. याच आळशीपणाचा एक तोटा आहे: यादृच्छिक मूल्य देणारे एक्स्प्रेशन व्हेरिएबलमध्ये ठेवले, तर दर वापरागणिक वेगळे उत्तर येऊ शकते, आणि ते गोठवण्यासाठी ‘सेट फॅक्ट’ वापरावे लागते. डिक्शनरीचे (हॅशसारख्याच गटाचे) विलीनीकरण मुळात होतच नाही, उच्च अग्रक्रमाची डिक्शनरी खालची पूर्णपणे बदलून टाकते. ‘हॅश बिहेवियर’ ही सेटिंग बदलून हे वर्तन पालटता येते, पण ती सर्वत्र लागू होत असल्याने इतरांनी लिहिलेले रोल अनपेक्षितपणे वागू लागतात; त्याऐवजी हवे तिथेच ‘कम्बाइन’ फिल्टर रिकर्सिव्ह पर्यायासह वापरणे इष्ट. अधिकृत दस्तऐवजात अग्रक्रमाच्या २२ पायऱ्या दिल्या आहेत. त्या सर्व वापरायच्या नसतात. ग्रुप, होस्ट आणि रोलचे डीफॉल्ट एवढ्यावर शिस्तीने थांबणाऱ्या टीमला त्रास कमी होतो.

जेसॉनेट या तिघांपेक्षा वेगळ्या जातीचे आहे. ते सर्व्हरवर काही बसवत नाही, केवळ डेटा तयार करते आणि जेसन किंवा यामल बाहेर देते. ऑब्जेक्टमधील ‘सेल्फ’चा अर्थ विलीनीकरण झाल्यानंतरच्या अंतिम ऑब्जेक्टवरून लागतो, म्हणून मूळ डिरेक्टरी गटाच्या आत ठेवूनही चाचणी कोणत्याही कसरतीशिवाय पार पडते. अधिकच्या चिन्हानंतर कोलन दिला की आतला गट मिसळतो. त्यातले अधिकचे चिन्ह विसरले की गट पूर्ण बदलला जातो, आणि एका अक्षराची ही चूक रिव्ह्यूमध्ये सहज नजरेतून सुटते. सुदैवाने तयार झालेली फाईल आधीच्या फाईलशी ताडून पाहता येते, आणि तिथे हरवलेल्या नोंदी उघड दिसतात. उणीव अशी की मशीनची मेमरी किंवा आयपी पत्ता त्याला स्वतःहून कळत नाही. ती माहिती बाहेरून पॅरामीटर म्हणून पुरवावी लागते.

क्यू ही कॉन्फिगरेशनची भाषा आणि निक्सओएस ही लिनक्स प्रणाली यांचा येथे केवळ उल्लेख करतो. क्यूमध्ये पक्के मूल्य नंतर बदलताच येत नाही, विसंगती दिसली की त्रुटी येते. निक्सओएसमध्ये अग्रक्रम आकड्यांनी ठरतो: सौम्य डीफॉल्ट १०००, साधे मूल्य १००, सक्तीचे ५०, आणि लहान आकडा जिंकतो. पूर्ण यंत्रणाच निक्सवर असेल तर त्याला तोड नाही, पण केवळ कॉन्फिगरेशनसाठी तिकडे वळणे महाग पडते.

निवड करताना भाषेच्या आवडीपेक्षा मूल्य कोणत्या क्षणी कळते हे आधी तपासावे. सर्व मूल्ये डिप्लॉयमेंटपूर्वीच ठाऊक असतील, तर मी जेसॉनेट निवडेन. मूल्ये मशीनच्या माहितीवर अवलंबून असतील आणि फाईल अनेकांना हाताळायची असेल, तर हायरा. रन चालू असताना कळणाऱ्या माहितीवरच बरेच काही ठरत असेल, तर शेफ किंवा ॲन्सिबलला पर्याय नाही; या दोघांपैकी जे आधीपासून वापरात आहे तेच ठेवावे, कारण केवळ डेटाच्या मांडणीसाठी एकातून दुसऱ्यात जाण्याचा खर्च भरून निघत नाही. मात्र शेफ ठेवणार असाल, तर ॲट्रिब्यूट फाईलमध्ये एका नोंदीवरून दुसरी काढणाऱ्या सर्व ओळी आधी शोधून रेसिपीत हलवा.