‘घासायची गरज नाही’: जुन्या सागवानी टेबलावर चॉक पेंट आणि चपडा

चॉक पेंट प्रकारच्या रंगाच्या डब्यावर ठळक अक्षरांत दोन आश्वासने छापलेली होती: घासायची गरज नाही आणि प्रायमरची, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तराच्या हाताची, गरज नाही. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेले लिहिण्याचे टेबल आणि भंगारवाल्याकडे मिळालेला पाइनच्या फळ्यांचा एक रॅक, अशा दोन वस्तूंवर मी हा रंग वापरला. रॅकवर ही आश्वासने बऱ्याच अंशी खरी ठरली, टेबलावर मात्र त्यांतले एकही टिकले नाही. ज्या वस्तूने अखेर टेबल वाचवले, ती त्याच दुकानात खालच्या फळीवर प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीत पडून होती आणि तिच्यावर काहीही छापलेले नव्हते.

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे लाकडी सामान घ्यायचे असेल तर रंगाकडे न पाहता वस्तू उलटी करून पाहावी, हे मी एका शेजारच्या सुतारकाकांकडून शिकले होते. या टेबलाला सरकारी कचेरीतल्या कपाटांना असतो तसा राखाडी-हिरवा ऑइल पेंट फासलेला होता आणि जागोजागी त्याचे पापुद्रे सुटले होते. पण खण बाहेर काढून उलटा केला तेव्हा तळाची फळी प्लायची नसून अखंड लाकडाची निघाली आणि कोपऱ्यांचे जोड खिळ्यांचे नसून एकमेकांत अडकवलेल्या दातांचे, म्हणजे सुतार ज्याला डव्हटेल म्हणतात तसे, होते. मागच्या पायाशी टाचणीच्या डोक्याएवढी पाच-सहा छिद्रे होती. टेबल जमिनीवर दोनदा आपटून पाहिले, त्यांतून पिठासारखी ताजी भुकटी पडली नाही, तेव्हा कीड जुनी असावी असे धरून मी सौदा केला. साडेतीन हजारांपासून सुरू झालेली घासाघीस बावीसशे रुपयांवर थांबली. टेम्पोचे भाडे अर्थातच वेगळे.

जुना ऑइल पेंट काढण्याबाबत एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण डब्यावर तिचा उल्लेख नाही आणि दुकानदारही ती सांगत नाही. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते असेच धरून चालावे. म्हणून मी कोरडे घासले नाही, रंग तापवून सोलण्याचे यंत्रही लावले नाही. गच्चीवर जुनी चादर अंथरून, मास्क लावून, पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरने घासले आणि सगळा गाळ फडक्याने टिपून पिशवीत बांधला. घरातल्या लहान भाच्याला आठ दिवस गच्चीवर बंदी होती, यावरून झालेली रडारड वेगळी. चौथ्या दिवशी रंगाखालून मधासारखा तपकिरी रंग आणि सागाचा तो ओळखीचा, किंचित चामड्यासारखा वास आला.

इथवर सगळे ठीक चालले होते. टेबलाचा माथा लाकडाच्या मूळ रंगात ठेवायचा आणि पाय व खण पांढरे रंगवायचे, असे ठरले. चॉक पेंट हा प्रकार ऑक्सफर्डच्या ॲनी स्लोन यांनी १९९० साली बाजारात आणला आणि चॉक पेंट हे त्यांच्या कंपनीचे नोंदणीकृत नाव आहे. पण आता त्या धर्तीचे पाण्यात मिसळणारे, वाळल्यावर खडूसारखा मऊ पोत देणारे रंग अनेक कंपन्या विकतात. मी आणलेला अर्ध्या लिटरचा डबा अशाच एका दुसऱ्या कंपनीचा होता, तिचे नाव घेत नाही. रंग म्हणून तो उत्तम आहे. वास जवळजवळ नाही, ब्रशचे ओघळ येत नाहीत, अर्ध्या तासात हाताला कोरडा लागतो आणि ब्रश साध्या पाण्याने धुतला जातो. पहिला हात संध्याकाळी दिला आणि टेबल खरोखर देखणे दिसू लागले.

सकाळी पाहिले तर खणांच्या पांढऱ्या दर्शनी भागावर चहा सांडून सुकावा तसे पिवळट-तपकिरी डाग उमटले होते. मला वाटले, हात पातळ झाला असेल, म्हणून दुसरा दिला. दुपारपर्यंत डाग पुन्हा वर आले. तिसऱ्या हातानंतर ते फिकट झाले, पण गेले नाहीत, आणि डबा अर्ध्यावर आला. दुकानदाराला फोन केला तेव्हा त्याने चौथा हात देण्याचा सल्ला दिला, जो सल्ला डबा विकणाऱ्याने देणे स्वाभाविकच म्हणायचे. खरे कारण लाकडात होते. साग, शिसवी, महोगनी यांसारख्या लाकडांत पाण्यात विरघळणारी रंगद्रव्ये असतात. पाण्याचा रंग लावला की त्यातले पाणी ती ओढून वर आणते आणि पांढऱ्या रंगात ती डाग होऊन बसतात. पाण्याच्या रंगाचे कितीही थर दिले तरी प्रत्येक थर नवे पाणी घेऊन येतो. पाइनच्या रॅकवर हे झाले नाही. लाकडाच्या गाठी असत्या तर तिथेही पिवळे डाग येण्याची शक्यता होती, पण सुदैवाने माझ्या फळ्या स्वच्छ होत्या.

यावर उपाय म्हणजे मधे चपड्याचा एक हात. लाखेच्या किड्याने पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर केलेल्या राळेपासून चपडा तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये, विरघळतो, आणि लाकडातली रंगद्रव्ये त्याच्या थरापलीकडे जात नाहीत. लाखेच्या संशोधनासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ पासून संस्था आहे, इतका हा माल आपल्या ओळखीचा आहे. तरीही तो मागितल्यावर दुकानातल्या तरुण मुलाने आधी मालकाकडे पाहिले. पाव किलो चपडा त्या रंगाच्या डब्याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळाला. काचेच्या बरणीत पाव लिटर स्पिरिटला चपड्याच्या सुमारे पन्नास ग्रॅम पापड्या टाकून रात्रभर ठेवले, मधूनमधून बरणी हलवली आणि सकाळी वरचा स्वच्छ भाग ओतून घेतला. तळाशी बसलेला गढूळ थर मेणाचा असतो. त्यावर पाण्याचा रंग नीट धरत नाही, म्हणून तो गाळलेलाच बरा.

डाग पडलेल्या खणांवर चपड्याचे दोन पातळ हात दिले, ते वाळल्यावर ३२० नंबरच्या पेपरने अगदी हलके घासले आणि मग त्याच पांढऱ्या रंगाचा एक हात दिला. त्या गोष्टीला आता पाच महिने झाले, डाग आलेले नाहीत. म्हणजे डब्यावरची दोन्ही आश्वासने मोडून, घासून आणि प्रायमर लावून, तोच रंग नीट बसला. ‘सागावर लावण्यापूर्वी चपड्याचा हात द्यावा’ ही एक ओळ कंपनीने डब्यावर छापली असती तर माझा अर्धा डबा आणि तीन दिवस वाचले असते.

माथ्याला मात्र फक्त चपडा. जुन्या मलमलीच्या धोतराच्या तुकड्यात कापूस बांधून पुरचुंडी केली, तिच्यात विरघळवलेला चपडा मुरवला आणि पोळीवर तूप फिरवावे इतक्या हलक्या हाताने ती फिरवत राहिले. पुरचुंडी एका जागी क्षणभर जरी थांबली तरी खालचा थर विरघळून तिथे खळगा पडतो, त्यामुळे सुरुवातीचे दोन दिवस माझ्या टेबलावर अशा चार-पाच खुणा होत्या. पुरचुंडी अडखळू लागली की जवसाच्या तेलाचा एक थेंब पुरतो. तेलाची फडकी मात्र गोळा करून ठेवू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पसरून वाळवावीत. जुलैतल्या एका पावसाळी दुपारी हात दिला तेव्हा हवेतला दमटपणा धरून माथा दुधासारखा पांढुरका झाला. दोन दिवसांनी ऊन पडल्यावर नुसत्या स्पिरिटची पुरचुंडी फिरवली, पांढुरकेपणा गेला. बारा हातांनंतर सागाच्या रेषा पाण्याखालून दिसाव्यात तशा वर आल्या, आणि ही चमक मेलामाइनच्या, म्हणजे फर्निचरवर फवारतात त्या पॉलिशच्या, चमकेसारखी काचेची वाटत नाही, हे माझ्या दृष्टीने तिचे मोठे गुण आहेत. शिवाय मेलामाइन फवारायला कारागीर बोलवावा लागतो आणि त्याच्या वासाने डोळे झोंबतात. इथे स्पिरिटचा वास संध्याकाळपर्यंत जातो.

चपड्याचे दोषही खरे आहेत. गरम भांडे ठेवले की पांढरे वर्तुळ उमटते, आणि ज्या स्पिरिटमध्ये तो विरघळतो त्याच जातीच्या द्रवाने तो सुटतोही. हातावरून गळलेल्या सॅनिटायझरच्या दोन थेंबांनी माझ्या माथ्यावर दोन खरखरीत ठिपके केले. म्हणून जेवणाच्या टेबलाला किंवा स्वयंपाकघरातल्या फडताळाला मी चपडा सुचवणार नाही. तिथे पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचे पॉलिश, लावावे. विरघळवलेला चपडा वर्षभरानंतर नीट वाळेनासा होतो, तेव्हा लागेल तेवढाच भिजवावा. पाइन, आंबा किंवा प्लायच्या वस्तूला रंगच हवा असेल तर चॉक पेंट आनंदाने घ्यावा, फक्त वर मेणाचा किंवा पारदर्शक वॉर्निशचा थर द्यायला विसरू नये, नाहीतर बोटांचे तेलकट ठसे त्यात कायमचे मुरतात. माझ्या रॅकच्या वरच्या कडेला ते मुरले आहेत.

मागच्या आठवड्यात टेबलावर कोणीतरी चहाचा कप ठेवला आणि पांढरे वर्तुळ उमटले. स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेली पुरचुंडी त्यावरून सात-आठ वेळा फिरवली, तसे ते विरत गेले. दिवा तिरका धरला तर अजूनही कपाची कड कुठे होती ते सांगता येते.