टेबल खाली हवं की बदली रद्द हवी? दिव्यांग आयुक्त आणि मॅट

राज्य शासनाच्या नोकरीत दिव्यांग म्हणून अडवणूक होत असेल, तर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आपल्या बाजूने आहे, हे आता बहुतेक सहकाऱ्यांना ठाऊक आहे. नोकरीत भेदभावाला मनाई करणारं कलम २० त्यांना तोंडपाठ असतं. अडतं ते पुढे: पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करावा, की सरळ मॅटमध्ये, म्हणजे शासकीय कर्मचाऱ्यांचे नोकरीविषयक वाद ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जावं? मी दोन्हीकडची तयारी केली होती. शेवटी एकीकडे गेलो, म्हणून हे लिहितोय.

आधी माझी अडचण सांगतो. डाव्या पायाला पोलिओ, कॅलिपर आणि एक कुबडी. मे महिन्याच्या बदल्यांत माझी बीडमध्येच दुसऱ्या कार्यालयात बदली झाली. काम आवडीचं होतं, घरापासूनचं अंतरही फारसं वाढलं नव्हतं. पण शाखा दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि अंगठा लावायचं मशीन वर शाखेच्या दाराशी. कार्यालयाची वेळ पावणेदहाची. पाच-सात मिनिटं हाताशी ठेवून मी फाटकात पोहोचायचो. पहिला जिना कठडा धरून निघायचा. दुसऱ्याच्या वळणावर कठडा तुटलेला होता. तिथे उजव्या हातात कुबडी, डावा पंजा भिंतीवर, आणि एकेक पायरी. वरून कोणी उतरत असेल तर कडेला थांबायचं. पावसाळ्यात पायऱ्या ओल्या असायच्या. अंगठा उमटेपर्यंत दहा वाजायला आलेले. असे लेट मार्क साचले आणि किरकोळ रजा कापली गेली. आस्थापना शाखेत विचारलं तर म्हणाले, ‘मशीन सगळ्यांना सारखंच आहे.’

सगळ्यांना सारखं, यातच माझ्यावर अन्याय होता. या कायद्यातल्या भेदभावाच्या व्याख्येत वाजवी सोय, म्हणजे दिव्यांगाला इतरांच्या बरोबरीने काम करता यावं म्हणून करायचा रास्त बदल, नाकारणंही येतं. हे वाक्य अर्जात आधी लिहा, बाकीचं नंतर.

कलम २३ प्रमाणे प्रत्येक शासकीय कार्यालयात तक्रार निवारण अधिकारी असावा लागतो, त्याने तक्रारीची नोंदवही ठेवायची आणि दोन आठवड्यांत चौकशी करायची. तिथे अर्ज जरूर द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. मॅटमध्ये गेलात तरी आधी खात्याकडे दाद मागितली होती का, हे विचारलं जातंच. मला तिथून फार काही मिळालं नाही. तो अधिकारी त्याच साहेबांच्या हाताखाली काम करतो, त्याला तरी किती दोष द्यायचा?

आता मॅट. तिची ताकद निर्विवाद आहे: स्थगिती. आमच्या ओळखीच्या एक ताई आहेत, अल्पदृष्टी असलेल्या. त्यांची बदली आडवळणाच्या तालुक्याला झाली आणि कार्यमुक्तीचा, म्हणजे जुन्या जागेवरून मोकळं करण्याचा आदेश आठवड्याभरात निघणार होता. त्या मॅटमध्ये गेल्या, अंतरिम स्थगिती मिळाली, आणि सुनावणी पुढे चालू असताना त्या आपल्या जुन्याच टेबलावर काम करत राहिल्या. आयुक्तांकडून हे झालं नसतं. आयुक्तांना साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं यासाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, पण स्थगिती देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, जुन्या १९९५ च्या कायद्याखाली, मुख्य आयुक्तांबाबत हे स्पष्ट केलं होतं. मॅटचा आदेश मोडला तर अवमान होतो, आयुक्तांची मात्र शिफारस असते. शिवाय बीडहून मला संभाजीनगरचं खंडपीठ जवळ, पुणे लांब. कागदावर सगळं मॅटकडे झुकत होतं. मीही तिकडेच निघालो होतो.

वकील चांगले होते, फीसुद्धा अवाच्या सवा सांगितली नाही. त्यांनी मसुदा पाठवला, इंग्रजीत. मला काढून-काढून वाचता येतं, पण सही करण्याआधी नीट कळावं म्हणून लेकीला बसवलं. ती एकेक ओळ वाचून मराठीत सांगत होती. अर्जदार दुसऱ्याच्या आधाराशिवाय हालचाल करू शकत नाही. अर्जदार नव्या जागेची कर्तव्यं पार पाडण्यास असमर्थ आहे. तिथे ती थांबली. म्हणाली, ‘बाबा, हे तुमच्याबद्दल आहे?’

मी वकिलांना फोन केला. त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं. बदली रद्द करून मागायची, तर नव्या जागी तुम्हाला काम करणं शक्यच नाही, असं दिसायला हवं. पण मला काम करता येतं. चौदा वर्षं नोकरी केली ती हेच दाखवत. मला सवलत नको होती, सोय हवी होती. आणि नस्तीत, म्हणजे फाईलमध्ये गेलेलं वाक्य नस्तीतच राहतं. केवळ दिव्यांगत्वामुळे पदोन्नती नाकारता येत नाही, असं कलम २० सांगतं. तरीही माझ्याच सहीने ‘असमर्थ’ लिहिलेला कागद उद्या कोणाच्या हाती लागावा, हे मला नको होतं. मागणी वेगळ्या पद्धतीने मांडून मॅटमध्येही जाता आलं असतं, हे मान्य. पण त्या मसुद्यावर माझी सही झाली नाही ती नाहीच.

आयुक्तांकडचा अर्ज मी स्वतः मराठीत लिहिला, दोन पानं. बदली राहू द्या. टेबल तळमजल्यावर द्या, मशीन खाली लावा, लेट मार्क रद्द करा. सोबत २०२१ च्या विकास कुमार निकालाचा उल्लेख केला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारलेल्या उमेदवाराचं ते प्रकरण, आणि वाजवी सोय हा हक्क आहे हे त्यात सर्वोच्च न्यायालयाने ठामपणे सांगितलं आहे. मला शुल्क पडलं नाही, वकील लागला नाही. कार्यालयाला लेखी म्हणणं द्यावं लागलं. सुनावणीत मी काय करू शकत नाही, हा विषयच निघाला नाही; तळमजल्यावर जागा आहे का, एवढंच विचारलं गेलं. जागा होती, आवक-जावकच्या शेजारी.

शिफारशीवर काय केलं, किंवा ती का मानली नाही, हे खात्याला कलम ८१ नुसार तीन महिन्यांत कळवावं लागतं. माझ्या बाबतीत अर्जापासून टेबल खाली येईपर्यंत पाचेक महिने गेले. तोवर जिना चढावाच लागला, हा आयुक्तांच्या वाटेतला खरा तोटा आहे आणि तो लहान नाही. खातं हटवादी असेल तर शिफारस धाब्यावर बसवली जाण्याचीही भीती असते. अशा वेळी मॅटचं दार उघडं राहतं, पण मूळ आदेशापासून एक वर्षाची मुदत तिथे पाळावी लागते. आयुक्तांच्या सुनावणीची वाट पाहताना ती तारीख डोळ्याआड होऊ देऊ नका.

तेव्हा कार्यमुक्तीचा आदेश निघायच्या बेतात असेल, किंवा सेवाज्येष्ठता यादीत डावललं असेल, तर मॅटच गाठा, मी अडवणार नाही. पण तक्रार रॅम्पची, टेबलाची, स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची, हजेरीच्या वेळेची असेल, तर निदान मला तरी आयुक्तांचीच वाट बरी वाटली. अर्जाला जिन्याचा फोटो जोडा आणि पायऱ्या मोजून आकडा लिहा. माझ्या अर्जात ४२ होत्या, आणि कार्यालयाच्या लेखी म्हणण्यात त्या आकड्यावर एका शब्दाचाही आक्षेप नव्हता.