छतावरचं सोलर : ऊन, पाऊस, थंडी सगळं बघून झाल्यावर

घराच्या छतावर ३ किलोवॉटची सोलर सिस्टीम आहे. कडक ऊन, पाऊस आणि थंडी असं सगळं तिच्यासोबत बघून झालं, म्हणून आता सविस्तर लिहितो. मी समाधानी आहे. पण जे घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवावी: पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते.

याचं कारण पॅनेलमधल्या सेलमध्येच आहे. सेल म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती. तिच्या एका थरात अगदी किंचित फॉस्फरस मिसळलेला असतो, दुसऱ्यात बोरॉन किंवा गॅलियम. हे दोन थर भेटतात तिथे आपोआप विद्युतक्षेत्र तयार होतं. प्रकाशाचा कण आत शिरला की एखादा इलेक्ट्रॉन जागचा सुटतो, आणि हे क्षेत्र त्याला एकाच दिशेला ढकलतं. बाहेरून तार जोडली की तो तारेतून फिरून परत येतो. हीच आपली वीज! काही जळत नाही, काही फिरत नाही. मला अजूनही याचं अप्रूप वाटतं.

लोक विचारतात, कार्यक्षमता फक्त २०-२२ टक्केच का? कमी ऊर्जेचे किरण इलेक्ट्रॉन सोडवू शकत नाहीत, आणि जास्त ऊर्जेच्या किरणांतली उरलेली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. त्यामुळे अशा सेलची तात्त्विक मर्यादाच ३३ टक्क्यांच्या आसपास आहे. १९५४ साली बेल लॅब्जने पहिला उपयोगी सिलिकॉन सेल दाखवला तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. त्या मानाने २१ टक्के म्हणजे उत्तमच.

आता उन्हाळ्याचं. पॅनेलवर छापलेले वॉट सेलचं तापमान २५ अंश धरून मोजलेले असतात. भर दुपारी काचेला हात लावला तर चटका बसतो. आतला सेल ६० अंशांच्या पुढे गेलेला असतो. दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं, म्हणजे दहा-बारा टक्के तिथेच गेले. उलट थंडीतल्या निरभ्र दुपारी पॅनेल मस्त चालतात, फक्त दिवस लहान पडतो. सगळ्यांत मोठा आकडा मात्र पाऊस थांबल्यावर दिसतो. काच धुतलेली, पॅनेल गार, आणि सूर्य ढगाच्या कडेवरून बाहेर येतो तेव्हा थेट ऊन आणि ढगावरून उधळलेला प्रकाश दोन्ही एकदम पडतात. इन्व्हर्टरवरचा (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करून देणारं यंत्र) आकडा थोडा वेळ उसळी मारून पुन्हा खाली येतो.

सावली हा खरा शत्रू. एका सेलवर जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट मिळतो, म्हणून पॅनेलमधले सेल एकामागून एक जोडलेले असतात. एक झाकला गेला की तो संपूर्ण रांगेला अडवतो. त्यावर उपाय म्हणून पॅनेलमागच्या डब्यात बहुतेक वेळा तीन बायपास डायोड असतात. ते अडलेला भाग वगळून वीज पुढे नेतात. आमच्याकडे टाकीच्या पाइपची वीतभर सावली दुपारनंतर शेवटच्या पॅनेलच्या कोपऱ्यावर यायची. एवढ्याशा सावलीने त्या पॅनेलचा एक तृतीयांश भाग बाद व्हायचा. पाइप हलवल्यावर फरक लगेच दिसला. पक्ष्यांची वाळलेली विष्ठाही असंच करते, शिवाय झाकलेला सेल तापून खराब होऊ शकतो. म्हणून सकाळी पॅनेल गार असताना साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसून घेतो.

बॅटरीशिवायची ऑनग्रिड, म्हणजे बाहेरच्या विजेच्या लाइनला जोडलेली सिस्टीम घेणार असाल तर बाहेरची वीज गेली की भर उन्हातही घर बंद पडतं, हे लक्षात ठेवा. तारांवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. नियम योग्यच आहे, पण विकणाऱ्याने हे आधी स्पष्ट सांगायला हवं होतं.

आणि जागा ठरवताना हिवाळ्यातला सूर्य धरा. तो खालून जातो, सावल्या लांबतात. उन्हाळ्यात मोकळं दिसणारं छत तेव्हा अर्धं झाकलेलं असू शकतं.