मैदानावर टर्फ येतंय: विरोधाच्या निवेदनावर सही करावी का?

कोकणात सध्या तालुक्याचं गाव घ्या नाहीतर किनाऱ्यावरची मोठी ग्रामपंचायत, एक प्रस्ताव हमखास सापडतो: मैदानाचा विकास. त्यात टर्फ म्हणजे कृत्रिम गवत, फ्लडलाइट, कंपाउंड आणि प्रेक्षक गॅलरी असते. प्रस्तावाची कुणकुण लागली की आठवड्याभरात दोन निवेदनं फिरू लागतात. मंडळाच्या पोरांचं म्हणतं, झालंच पाहिजे. मैदानाच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून घरं असलेल्यांचं म्हणतं, होता कामा नये. तुमचा मुलगा रोज खेळायला जाणारा आणि आई रक्तदाबाची गोळी घेऊन नऊला आडवी होणारी असेल, तर दोन्ही कागद तुमच्याच ओट्यावर येतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ते वजा करता येईल. गवत खरं की प्लॅस्टिकचं, यावर गाव जितकं भांडतं तितकं त्यात काही नाही. मैदानाची चावी कोणाकडे राहणार आणि दिवे किती वाजता विझणार, या दोन प्रश्नांची लेखी उत्तरं मिळेपर्यंत विकासाच्या बाजूने सही करू नये. समाधानकारक मिळाली, तर विरोधाच्या कागदाचीही फारशी गरज उरत नाही.

आज तिथे नक्की काय चालतं

तुलना इथून सुरू करायला हवी आणि नेमकी हीच पायरी प्रकल्पाच्या कागदांत गाळलेली असते. तिथे जागेचा सध्याचा वापर म्हणून 'मोकळी जागा' एवढंच लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात पहाटे अंधारात पोलीस भरतीची मुलं-मुली धावत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. त्यांना लागते ती लांब, मोकळी, फुकट जागा. मग चालायला येणारी मंडळी, शाळेचा पीटीचा तास, दुपारी चरायला सोडलेली गुरं, स्कूटी शिकणाऱ्या मुली. संध्याकाळी टेनिस बॉल आणि अंडरआर्मचे चार डाव एकाच वेळी, एकाच्या मिडविकेटवर दुसऱ्याचा कीपर. कोपऱ्यात चुन्याने आखलेलं १३ बाय १० मीटरचं कबड्डीचं मैदान.

हे झालं रोजचं. शिमग्यात पालखी नाचते ती बऱ्याच गावांत इथेच, दशावताराचा रंगमंच इथेच उभा राहतो, जत्रेच्या आणि गणपतीच्या गाड्या इथेच लागतात. किनाऱ्यालगतचं मैदान असेल तर जाळी पसरलेली असतात आणि एका बाजूला जवळा वाळत असतो. सहाण किंवा मांड, म्हणजे पालखी बसते आणि उत्सव होतो ती जागा, मैदानाच्या हद्दीत येत असेल, तर मानकऱ्यांना विचारल्याशिवाय आराखडा काढलाच कसा, हा प्रश्न ग्रामसभेत पहिला विचारावा.

यांतल्या कोणत्या गोष्टी उद्या राहतील, याची यादी करा. पर्याय निवडायला तीच पुरते.

पर्याय पहिला: टर्फ, दिवे, ठेका

आधी त्याचं भलं बोलू, कारण विरोधाच्या निवेदनात ते कधी नसतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जून ते सप्टेंबर मातीचं मैदान म्हणजे चिखल. टर्फ मात्र सर थांबली की थोड्या वेळात खेळण्याजोगं होतं. उजेड, जाळी आणि कोणीतरी जबाबदार माणूस असल्यामुळे संध्याकाळी मुलींना खेळायला पाठवायला घरचे तयार होतात. हा फायदा खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये.

आता दुसरी बाजू. कृत्रिम गवताचं आयुष्य साधारण आठ ते दहा वर्षं. त्यानंतर हजारो चौरस मीटर प्लॅस्टिक उचलून न्यायचं कुठे, याचं उत्तर तालुक्याच्या कचरा डेपोकडे नाही. दुपारच्या उन्हात त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर जाऊ शकतो, म्हणजे एप्रिल-मेच्या सुट्टीत, जेव्हा मुंबईहून चाकरमान्यांची पोरं येतात आणि मैदान सगळ्यात जास्त हवं असतं, तेव्हा भर दिवसा ते निरुपयोगी. मोठ्या टर्फमध्ये गवताच्या पात्यांमधे रबराचे बारीक काळे दाणे भरतात. पावसाच्या पाण्याबरोबर ते गटारात, तिथून पऱ्यात (ओढ्यात) आणि खाडीत. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मायक्रोप्लॅस्टिकवर बंधनं आणताना असे दाणे विकायलाही २०३१ पासून बंदी ठरवली. आपल्या निविदेत दाणे कोणते, हे कोणी विचारत नाही. विचारा. वाळूवर भागणारं टर्फही मिळतं.

पण खरी गोम गवतात नाही, करारात आहे. नगरपालिका किंवा ग्रामपंचायत दहा-पंधरा वर्षांसाठी जागा ठेकेदाराला देते, तो खर्च करतो आणि तासावर भाडं घेतो. संध्याकाळचे तास आधीच बुक. भरतीच्या पोराने पहाटे धावायचं तर गेटला कुलूप, आणि टर्फच्या जाळीत १६०० मीटरची धाव मारणार तरी कशी? मुंबईत मैदानं आणि उद्यानं सांभाळायला खाजगी संस्थांकडे दिली, त्यांतल्या काहींवर क्लब उभे राहिले. २०१६ च्या जानेवारीत नागरिकांच्या विरोधामुळे मुख्यमंत्र्यांना नव्या दत्तक धोरणाला स्थगिती द्यावी लागली आणि महापालिकेने दिलेले भूखंड परत घ्यायला सुरुवात केली. एवढ्या मोठ्या महापालिकेला जागा परत घेताना घाम फुटला, तिथे आपल्या ग्रामसेवकाने काय करावं?

आता दिव्यांचं. फ्लडलाइट आले की नाईट टूर्नामेंट आली, टूर्नामेंटबरोबर भोंग्यावर मालवणी कॉमेंट्री आली. ती ऐकायला झकास असते, पण रात्री साडेबाराला नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, ती सांस्कृतिक आणि धार्मिक उत्सवांसाठी. आमदार चषक त्यात बसत नाही. विरोध करणाऱ्यांनीही एक समजून घ्यावं: मैदान शाळेला लागून आहे म्हणून ते आपोआप शांतता क्षेत्र ठरत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसं जाहीर करावं लागतं.

मैदान पुळणीला (किनाऱ्याच्या वाळूला) लागून असेल तर आणखी एक बाब. वेळास, आंजर्ले, गुहागर या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात. पिल्लं रात्री बाहेर पडली की जिकडे जास्त उजेड तिकडे सरकतात. एरवी तो उजेड समुद्राच्या बाजूला असतो. मागे फ्लडलाइट असेल तर पिल्लं गावाकडे वळतात. अशा ठिकाणी नोव्हेंबर ते मे दिवे बंद किंवा पूर्ण झाकलेले हवेत, आणि टूर्नामेंटचा हंगामही नेमका तोच. इथे मधला मार्ग मला तरी दिसत नाही. किनाऱ्यावरच्या फ्लडलाइटला सरळ विरोध करावा.

पर्याय दुसरा: मातीचंच मैदान, पण नीट केलेलं

माझा कल इकडे. आपल्या मैदानांचं मूळ दुखणं पाण्याचा निचरा हे आहे. साधा हिशेब करा: सात हजार चौरस मीटरचं मैदान, म्हणजे फुटबॉलच्या एका पूर्ण मैदानाएवढं, आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस, जो जुलैत आपल्याकडे कोणी मोजतही नाही. सात लाख लिटर पाणी झालं. आज त्यातलं बरंच जमिनीत मुरतं, उरलेलं हळूहळू पऱ्याला जातं. भराव घालून मैदान दोन फूट वर उचललं आणि कडेने चिऱ्याची सलग भिंत घातली, की तेच पाणी खालच्या वाडीच्या अंगणात आणि विहिरीत. २२ जुलै २०२१ ला चिपळूणने वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी पाहिलं, त्यानंतर खोलगट मोकळ्या जागा बुजवताना तरी हात थरथरायला हवा होता.

नीट केलेलं मैदान म्हणजे काय? मध्यापासून कडेला हलका उतार, चहूबाजूंनी चर, चराला पऱ्यापर्यंत वाट, पाऊस सरला की मुरूम-माती टाकून रोलर. गवत पहिल्या पावसात आपलं आपण येतं. एक संडास, एक नळ, सामान ठेवायला एक खोली. कुंपण घालायचं तर गुरांसाठी, माणसांसाठी नाही. गेटला कुलूप नको.

तोटे सांगायला हवेत. ऐन पावसाळ्याचे दोन महिने खेळ बंदच. दरवर्षी कोणीतरी लक्ष घालावं लागतं, आणि ग्रामपंचायतीत 'दरवर्षी' हा शब्द कोणाला आवडत नाही. खर्च कमी, म्हणून ठेकेदाराला रस नाही. कोनशिला लावायला भिंतही नाही, म्हणून पुढाऱ्याला रस नाही. गावच्या चाकरमान्यांचं मुंबई मंडळ पैसे द्यायला तयार असतं, पण त्यांनाही गॅलरीवर नाव हवं असतं, चरावर कोण नाव घालतो?

प्रस्तावात 'धावण्याचा ट्रॅक' असेल तर टेप घेऊन जा. ४०० मीटरचा ट्रॅक मावायला जागा पावणेदोनशे मीटर लांब आणि नव्वदेक मीटर रुंद लागते. आपल्या बहुतेक गावमैदानांत ती नसते. ट्रॅक फक्त चित्रात असतो.

आहे तसंच राहू दे?

हा पर्याय वाटतो तितका सुरक्षित नाही. काही न झालेल्या मैदानावर हळूहळू पाण्याची टाकी येते, ट्रान्सफॉर्मर येतो, कोणाच्या तरी बांधकामाचे चिरे येऊन पडतात ते तिथेच राहतात. निदान मोजणी करून हद्द कायम करून घ्या आणि सातबारा पाहा. जागा शाळेच्या संस्थेची, देवस्थानची, गायरान की ग्रामपंचायतीची, यावर पुढचं सगळं अवलंबून.

विरोध करायचाच तर कुठे

ग्रामसभा सगळ्यात स्वस्त आणि बहुतेकदा पुरेशी. वर्षातून किमान चार होतात, गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतलं जे कमी ते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला मात्र गणपूर्ती लागत नाही, आणि नको ते ठराव त्याच सभेत मंजूर होतात. त्यामुळे दुसऱ्या सभेला जास्त माणसं न्या.

नगरपालिका हद्दीत विकास आराखड्यातलं आरक्षण बदलायचं असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. मुदत एक महिना. सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर असते, तेव्हा वाचायची सवय ठेवा. करार, निविदा, नकाशा माहिती अधिकारात दहा रुपयांत मागता येतो, उत्तराला ३० दिवस. म्हणजे हरकतीची मुदत संपायच्या आत कागद हवे असतील तर सूचनेची वाट पाहत बसू नका.

सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या नियमांचं, हत्यार लोक चुकीचं उपसतात. 'सीआरझेडमधे मैदान होऊच शकत नाही' हे खरं नाही. २०११ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र, २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या भागात ते ५० मीटर केलं; पण उद्यानं आणि क्रीडांगणं त्या पट्ट्यातही चालतात. पक्की गॅलरी, दुकानांचे गाळे, भराव यांचं वेगळं. हरकत त्यांच्यावर घ्या. त्यासाठी पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात जायचं तर कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे, पुरेसं कारण असेल तर आणखी ६० दिवस.

उच्च न्यायालय शेवटी. रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांना ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबईची खेप वाचली. रायगडला मुंबईच. रहिवाशांना दाद मागायचा हक्क आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगळूरच्या एका खटल्यात मिटवला आहे: उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला देण्याला शेजारच्या रहिवाशांनी आव्हान दिलं आणि ते जिंकले. पण तारखा आणि वकिलाची फी कोण भरणार, हे आधी ठरवा. विरोधाच्या निवेदनावर दोनशे सह्या असतात, वर्गणीच्या वहीत अकरा.

कधी सही करू नये

विरोधाच्या कागदावरही डोळे मिटून सही नको. मुद्द्यांत 'बाहेरची पोरं येतात', 'त्या वाडीतली मुलं शिव्या देतात' असलं काही असेल तर ते मैदानाबद्दल नाही, जुन्या भावकीबद्दल आहे. मुलांनी संध्याकाळी सातपर्यंत केलेला आरडाओरडा हा त्रास धरायचा तर मैदानाशेजारी घर बांधायला नको होतं. आणि ज्यांचा स्वतःचा गडगा दोन हात मैदानात आलाय, त्यांनी निवेदन लिहिलं असेल तर मोजणीची मागणी त्यात घालायला सांगा. तिथेच कळतं कोण कशासाठी भांडतोय.

मधला कागद स्वतः लिहिता येतो, एका पानाचा. गेट पहाटे पाच ते आठ आणि शाळेच्या तासांना सगळ्यांना फुकट उघडं. दिवे आणि भोंगा रात्री दहाला बंद, टूर्नामेंट असली तरी. भराव नाही, पाण्याची वाट नकाशात दाखवलेली. शिमगा, जत्रा आणि मासळी वाळवण्याचे दिवस करारात नावानिशी. ठेका दिलाच तर तीन वर्षांचा, नूतनीकरण ग्रामसभेच्या ठरावाने. अटी मोडल्या तर करार रद्द. हा कागद आधी मंडळाच्या पोरांकडे न्या, त्यांच्या सह्या घ्या आणि मग गडग्यावरच्या घरांकडे. दोन्हीकडच्या सह्या असलेला कागद ग्रामपंचायतीला बाजूला सारता येत नाही. तो घ्यायला ठेकेदार तयार नसेल, तर आधीच्या दोन निवेदनांपैकी कशावर सही करायची ते तुम्हाला तेव्हाच ठरवता येईल.