सुबाभूळ तोडणारी चेनसॉवाली टोळी : काम फास्ट, पण बुंध्यापाशी उभं राहा

५ पैकी ३. नाव टाकत नाही, सोलापूर-मोहोळ पट्ट्यात फिरणारी टोळी आहे, जळणासाठी सुबाभूळ लावलेल्यांना कळेलच.

आमचं रान मुरमाड, ज्वारीसुद्धा रडत येते तिथं, म्हणून सुबाभूळ. चौथ्या वर्षी पहिली तोडणी. टोळी सांगितल्या दिवशी आली की ओ, हे आधी लिहितो कारण सोलापुरात हेच अवघड आहे. मेच्या शेवटी तोडायचं ठरलेलं कारण मृगाचा पाऊस पडला की बुंध्याला फुटवे जोरात येतात, परत रोपं लावायची भानगड नाही.

आता तक्रार. कट वीतभर उंचीवर अन् तिरका पाहिजे म्हणजे पाणी साचत नाही. ह्यांनी सुरुवातीला घाईत अर्धवट कापून झाड ओढून पाडलं, खालपर्यंत साल सोलून निघाली. अहो फुटवा त्या सालीखालच्या डोळ्यातूनच येतो, सालच गेली तर काय येणार! बोलल्यावर मुकादमानं दुसरा माणूस लावला अन् मग काम चांगलं झालं, पण मी बांधावर चहा पीत बसलो असतो तर सगळा प्लॉट असाच गेला असता.

मजुरी टनावर घेतात, तीपण ताज्या तोडीच्या वजनावर. ओल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं, अन् वखारवाला म्हणतो वाळवून आणा, म्हणजे पाणी तोडायचे पैसे आपण द्यायचे. त्यापेक्षा गुंठ्यावर ठरवा. युरोपात म्हणे विलोची झुडपं अशीच दर दोन-चार वर्षांनी तोडतात, मशीन चालता चालता तुकडेच करून ट्रॉलीत टाकते, इथं फांट्या वेगळ्या करायलाच अर्धा दिवस.

पाला शेळ्यांना झाला, पण नुसता तोच घालू नका, मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं त्यात, घोड्याची तर आयाळ झडते. अन् शेंगा वाळायच्या आत तोडणी उरका नाहीतर शेजाऱ्याच्या रानात पण सुबाभूळच.

आता एकेका बुंध्यावर झुडूप झालंय, त्यातले दोन-तीन दमदार फुटवे ठेवून बाकीचे काढतोय. साल सोललेले बुंधे मात्र अजून तसेच, गप्प. पुढच्या तोडणीला ह्यांनाच बोलवीन, पण आधी एक झाड समोर तोडून दाखवा म्हणून सांगणार.