महिने उलटल्यावरही कपाटात न गेलेले अल्बम

नवा अल्बम घेतल्यावर पहिल्या आठवड्यात लिहिलेलं मत मी आता फारसं धरत नाही, स्वतःचंही नाही. तेव्हा कव्हर नवं असतं, उत्साह असतो, आणि कान अजून संगीतात शिरलेला नसतो. म्हणून हे मुद्दाम उशिरा लिहिते आहे. गेल्या काही महिन्यांत घेतलेल्या एलपी (सुईने वाजणाऱ्या मोठ्या तबकड्या) आणि सीडींपैकी कोणत्या अजून प्लेअरशेजारी आहेत, कोणत्या गुपचूप कपाटात गेल्या आणि कोणत्या दुसऱ्याला आवर्जून सुचवाव्याशा वाटतात, त्याचा हा अनुभव. प्रकार सगळे सरमिसळ आहेत. मी ऐकते तेच तसं.

एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. जे अल्बम टिकले, त्यातल्या बहुतेकांत काहीतरी कमी आहे. कुठे वाद्य धड नव्हतं, कुठे साथच घेतली नाही, कुठे दोन स्वर मुळातच वर्ज्य. त्या कमतरतेमुळे जी जागा मोकळी राहिली, तिथे पुन्हापुन्हा जावंसं वाटतं.

सगळ्यात जास्त वाजला तो जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटचा ‘द कोल्न कॉन्सर्ट’. 24 जानेवारी 1975 रोजी जर्मनीतल्या कोल्नच्या ऑपेरा हाउसमध्ये, रात्री साडेअकराच्या सुमारास सुरू झालेली ही एकट्या पियानोची मैफल. आधी ठरवलेलं काहीच नाही, सगळं जागेवर सुचलेलं. त्याने मागितला होता मोठा कॉन्सर्ट ग्रँड, आणि रंगमंचावर आला तो सरावासाठी ठेवलेला छोटा पियानो: खालचे स्वर पोकळ, वरचे पत्र्यासारखे, पेडलही नीट चालत नाहीत. त्याची पाठ दुखत होती, झोप झालेली नव्हती. ही हकीकत अनेकांना माहीत असते. पण महिनोन् महिने ऐकल्यावर ती हकीकत राहत नाही, वाजवण्यात ऐकू येऊ लागते. तो सतत मधल्या सप्तकांत फिरतो. डावा हात एकच आवर्तन धरून बसतो, दहा-दहा मिनिटं सोडत नाही, कारण खर्जात दम नाही तर तो दम पुनरावृत्तीतून आणायचा. पहिल्यांदा ऐकताना मला ते सुंदर वाटलं होतं. आता ते हट्टाचं वाटतं, आणि म्हणून जास्त आवडतं.

घेणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. एलपीवर पहिला भाग जवळजवळ 26 मिनिटांचा आहे आणि तो अख्खा एका बाजूवर आहे. एका बाजूवर इतका वेळ बसवायचा तर खाचा बारीक आणि जवळजवळ कोराव्या लागतात, आवाजाची पातळी खाली ठेवावी लागते. त्यात तबकडी मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या ठरावीक गतीने फिरते, पण सुई आत सरकत जाते तसं तिच्याखालून जाणारं अंतर कमी होत जातं. बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण 50 सेंटीमीटर, लेबलजवळ जेमतेम 20-21. म्हणून बाजूच्या अखेरीस मोठा, उंच आवाज असेल तर तो किंचित फाटतो. पहिल्या भागाच्या शेवटाकडे जॅरेट चढत जातो तेव्हा हे जाणवतं. सीडीवर ही अडचण नाही आणि चारही भाग एकाच तबकडीवर मावतात. माझ्याकडे आधी एलपी आली, पण सुचवताना मी सीडीच सुचवते. वेळ कमी असेल त्यांनी शेवटचा, सात मिनिटांचा भाग आधी ऐकावा. पहिल्या भागाची ओढ त्यातून आपोआप लागते.

किशोरी आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची तबकडी मी आधी कित्येकदा ऐकली होती, पण स्वतःची म्हणून आत्ता घेतली. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत. पाचच स्वर: सा, रे, ग, प, ध. हेच पाच स्वर देसकारातही आहेत, म्हणजे राग उभा राहतो तो स्वरांच्या यादीतून नव्हे, तर कुठे थांबायचं आणि कुठून निसटायचं यातून. भूप गंधारावर विसावतो, देसकार धैवताकडे झुकतो. किशोरीताई ‘प्रथम सूर साधे’ मध्ये गंधाराकडे ज्या वाटेने येतात, ती दर वेळी निराळी आहे. रिषभावरून सरळ चढून येणं त्या फार कमी करतात. पंचमावरून खाली येताना मात्र त्या रेंगाळतात. ‘सहेला रे’ सगळ्यांना पाठ असते आणि पुष्कळजण थेट तिथेच सुई ठेवतात. माझी कळकळीची विनंती आहे की तसं करू नका. विलंबितातून द्रुतात शिरतानाचं ते सुटल्यासारखं वाटणं आधीच्या संयमावर उभं आहे. तो संयम गाळला तर ‘सहेला रे’ नुसती गोड चीज उरते.

ख्याल एलपीवर बसवणं म्हणजे मैफलीतलं तासाभराचं गाणं वीस-बावीस मिनिटांत आणणं. ही अडचणच आहे, पण मोठे गायक तिच्यातून काय गाळायचं ते ठरवतात, आणि ते गाळणं अभ्यासण्यासारखं असतं. मैफलींची लांब ध्वनिमुद्रणं आता सहज मिळतात. तरी जुन्या एलपींकडे मी याच कारणासाठी वळते.

यानंतर थेट तुमानी जाबातेचा ‘द मांदे व्हेरिएशन्स’ लावला तर उडी मारल्यासारखं वाटत नाही, हा मला झालेला मोठा आनंद. तुमानी पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कोरावादन. 2024 मध्ये तो गेला. कोरा म्हणजे मोठ्या भोपळ्यावर कातडं ताणून केलेलं 21 तारांचं वाद्य. दोन्ही हातांचे फक्त अंगठे आणि तर्जन्या तारांवर असतात, बाकीची बोटं मुठी धरून ठेवतात. चार बोटांत खालचा ठेका, मधली धून आणि वरची बरसात असे तीन पदर एकाच वेळी चालतात. 2008 चा हा अल्बम पूर्णपणे एकट्याचा आहे. ना गायन, ना तालवाद्य, ना वरून चढवलेला दुसरा थर. पहिल्या काही ऐकण्यांत मला फक्त वरची बरसात ऐकू येत होती. नंतर कधीतरी अंगठा ऐकू आला, आणि तेव्हापासून वरचं सगळं त्याच्यावर उभं असल्यासारखं दिसतं. सतार किंवा संतूर आवडणाऱ्या कुणालाही मी हा अल्बम डोळे झाकून देईन. अट एकच: हेडफोन नको, खोलीत वाजू द्या. कातड्याच्या पोकळीचा घुमारा हवेतच उमलतो.

निक ड्रेकचा ‘पिंक मून’ छोटा आहे, 28 मिनिटांचा. आधीच्या दोन अल्बमांत तंतुवाद्यांचा ताफा, इतर वादक वगैरे होते. इथे ऑक्टोबर 1971 मध्ये दोन रात्रींत फक्त गळा आणि गिटार, आणि शीर्षकगीतात थोडासा पियानो. 1972 मध्ये तो आला तेव्हा फारसा विकला गेला नाही. दोन वर्षांनी, 26 व्या वर्षी, ड्रेक गेला. त्याच्या आयुष्याच्या दुःखातून हा अल्बम ऐकण्याची पद्धत पडली आहे आणि ती मला पटत नाही. गिटारकडे लक्ष द्या. बहुतेक गाण्यांत तारा नेहमीपेक्षा वेगळ्या मिळवलेल्या आहेत, त्यामुळे मोकळ्या तारा सतत गुंजत राहतात आणि एकटा माणूस वाजवतोय यावर विश्वास बसत नाही. हे निराश माणसाचं ढिलं वाजवणं नाही. विलक्षण काटेकोर हात आहे.

माझी पहिली प्रत सदोष निघाली. तबकडी वाकलेली होती आणि हळू जागांवर कुरकुर. बदलून घेतली. एवढ्या हळुवार अल्बमला खरखर अजिबात सोसत नाही, तेव्हा एलपी घेणार असाल तर मिळाल्या दिवशीच दोन्ही बाजू पूर्ण ऐका आणि कागदी आतलं पाकीट काढून प्लास्टिकचं, स्थिर वीज न धरणारं घाला. कार्बन फायबरचा ब्रश दर वेळी फिरवायचा, सुईचा दाब कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) माहितीपत्रकात दिला असेल तेवढाच. बहुतेकांचा दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास असतो. सुईला जपायचं म्हणून दाब फार कमी केला तर ती खाचेत उसळते आणि उलट जास्त नुकसान होतं.

‘काइंड ऑफ ब्लू’बद्दल थोडक्यात, कारण माइल्स डेव्हिसच्या या 1959 च्या अल्बमवर सांगायचं राहिलेलं फार नाही. फक्त प्रत निवडताना एक पाहा. 2 मार्च 1959 च्या ध्वनिमुद्रणात एक टेपयंत्र किंचित मंद चाललं होतं, त्यामुळे जुन्या आवृत्त्यांत पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मूळ वाजवण्यापेक्षा जरा चढ्या ऐकू येतात. 1990 च्या दशकात ते दुरुस्त झालं. षड्ज पक्का असलेल्या कानाला फरक कळतो. दुरुस्त आवृत्तीत माइल्सचा ट्रम्पेट जास्त सैल, जास्त सावकाश वाटतो, आणि मला तीच योग्य वाटते.

आता कपाटात गेलेल्यांबद्दल. नावं घेत नाही, पण त्यांची तऱ्हा सारखी आहे. दोन नवे इलेक्ट्रॉनिक अल्बम आणि एक रॉक, तिन्ही पहिल्या दिवशी जबरदस्त वाटले. तिन्हींत हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर दाबून सगळं एका उंचीवर आणलेलं. सुरुवातीला त्यातून जोर जाणवतो. पण सगळंच जोरात असेल तर जोराला अर्थ राहत नाही, आणि विसाव्या मिनिटाला कान थकतो. मला गाणी आवडेनाशी झाली नाहीत. ती ऐकून पूर्ण करणं होईना.

याच्या अगदी उलट टोकाला ब्रायन ईनोचा 1978 चा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’. त्यातल्या एका तुकड्यात गायलेल्या एकेका स्वराच्या टेपची वेगवेगळ्या लांबीची वेटोळी आहेत. एक साडेतेवीस सेकंदांनी परत येतं, दुसरं जवळजवळ 26, तिसरं जवळजवळ 30. लांबी जुळत नसल्यामुळे स्वर दर वेळी नव्या क्रमाने एकत्र येतात. रचना एवढीच, आणि तरी तिचा कंटाळा येत नाही. काम करताना मागे लावण्यासाठी मी हा घेतला होता. आता काम थांबवून ऐकते. मात्र चाल हवी, गाणं हवं अशा माणसाला हा देऊ नका, त्याची चिडचिड होईल आणि ती रास्त असेल.

आर्वो पॅर्टचा ‘टाबुला रासा’ 1984 चा. त्यात बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराच्या स्मरणार्थ लिहिलेला ‘कान्टुस’ आहे. एकच उतरता स्वरक्रम, वेगवेगळी तंतुवाद्यं तो वेगवेगळ्या लयीत वाजवतात, वरून अधूनमधून घंटा. शेवटी सगळे तंतू एकदम थांबतात आणि घंटेचा घुमारा मागे उरतो. हे सीडीवरच ऐका, एलपीच्या खरखरीत तो घुमारा बुडतो. याच अल्बममध्ये गिडॉन क्रेमरच्या व्हायोलिनला पियानोची साथ कीथ जॅरेटची आहे. कोल्नमध्ये तासभर सुचेल ते वाजवणारा तोच माणूस इथे लिहिलेल्या मोजक्या स्वरांपलीकडे एकही वाजवत नाही. दोन्ही अल्बम जवळ असतील तर एकापाठोपाठ ऐकून पाहा.

‘ब्वेना व्हिस्टा सोशल क्लब’ घरात माणसं असताना लागतो आणि सगळ्यांना आवडतो. मार्च 1996 मध्ये हवानात खरं तर मालीचे वादक येऊन क्युबन वादकांबरोबर वाजवणार होते. ते पोहोचू शकले नाहीत, आणि त्यांच्या जागी जुने, बहुतांशी विस्मरणात गेलेले क्युबन कलावंत गोळा झाले. इब्राहिम फेरेरचा आवाज ऐकण्यासाठी तरी घ्या.

इथवर वाचून वाटेल की मला फक्त विरळ संगीत चालतं. तसं नाही, आणि माझ्या या सगळ्या म्हणण्याला धक्का देणारा अल्बमही याच खरेदीतला आहे: रॅपर केन्ड्रिक लमारचा 2015 चा ‘टू पिंप अ बटरफ्लाय’. 16 रचना, जवळजवळ 79 मिनिटं, आणि कुठेही मोकळी जागा नाही. जॅझ, फंक, सोल, बोलणं, ओरडणं, सॅक्सोफोन, सगळं एकमेकांवर. पहिल्या ऐकण्यात मला पुरतं दमवलं त्याने. तरी तो टिकला. कारण मला वाटतं त्याची जागा वेळेत आहे. एक कविता गाण्यांच्या मधून तुकड्यातुकड्याने येते, दर वेळी एक-दोन ओळी पुढे सरकते आणि तुटते. ती पूर्ण होते अगदी शेवटच्या रचनेत, आणि तिथून पुढे 1994 च्या एका मुलाखतीतला दिवंगत रॅपर टुपाक शकूरचा आवाज घेऊन रचलेला संवाद सुरू होतो. ओळ तुटली की पुढचं गाणं तुम्ही त्या तुटलेल्या ओळीच्या ओझ्यासह ऐकता. म्हणूनच यातलं एखादं गाणं सुटं काढून कुणाला पाठवत नाही. एलपीवर बाजू बदलायला उठावं लागतं आणि तो धागा नको तिथे तुटतो, तेव्हा याचीही सीडी घ्या. शब्द वेगाने येतात. पहिल्या वेळी छापलेले शब्द समोर ठेवा, दुसऱ्या वेळी बाजूला ठेवून फक्त बेस आणि ड्रम ऐका.

कुणी विचारलं तर मी हल्ली अल्बमचं नाव एकटं सांगत नाही. कोणती बाजू आधी, सीडी की एलपी, स्पीकरवर की हेडफोनवर, एवढं बरोबर सांगते, आणि निदान महिनाभर मत विचारत नाही. ख्याल ऐकणाऱ्याला तुमानी, जॅझवाल्याला किशोरीताईंचा भूप, हिप-हॉपवाल्याला कोल्न, असं तिरकस सुचवलेलं जास्त लागू पडलं. सध्या प्लेअरवर बागेश्रीची बाजू आहे. भूपापुढे तिच्याकडे माझं दुर्लक्ष होत आलं, आणि तिच्याबद्दल लिहायला अजून काही महिने हवेत.