वायफाय रेडिओ: सेट झकास, दिवेलागणीला बायका गायब

भाच्याने गणपतीत येताना हा वायफाय रेडिओ आणला. मालवणात आमची छोटी खानावळ आहे. आठ महिने झाले, सेट स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांशेजारी फळीवर बसलाय.

आवाज घसघशीत. बांगडे तळताना तेल कितीही चुरचुरलं तरी शब्द कळतात. खाऱ्या हवेने एरियलच्या मुळाशी गंज धरलाय, पण इंटरनेटवरच्या स्टेशनांना त्याचं काही अडत नाही. खरा ताप वेगळाच. लाइट गेली की हा वायफायचा पासवर्ड विसरतो, आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाइट किती वेळा जाते ते काय सांगू! मग पिठाच्या हाताने गोल बटण फिरवत एकेक अक्षर शोधत बसा.

आमचे हे जहाजावर होते, अमेरिकन गायिका डॉली पार्टनच्या कॅसेटी घेऊन यायचे. म्हणून सहाही बटणांवर मी अमेरिकेतली कंट्री म्युझिकची, म्हणजे तिकडच्या गावाकडच्या ढंगातल्या गाण्यांची, स्टेशनं लावून ठेवली. चार दिवसांनी भांडी घासणारी म्हणाली, "वैनीनूं, ह्यो एकच बापयो दिवसभर गाता काय?"

मी हसले, पण संध्याकाळी कालनिर्णयवर रेघा मारत बसले. सात ते आठ: पंधरा गाणी, त्यात बाई एक. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला त्याच स्टेशनवर चार. हे काय गौडबंगाल ते भाच्याने उलगडलं. आमच्याकडे दुपारचा एक म्हणजे अमेरिकेत नॅशव्हिलला, कंट्री म्युझिकच्या माहेरी, उन्हाळ्यात रात्रीचे अडीच, थंडीत दीड. कॅनडाच्या ओटावा विद्यापीठातल्या संशोधक जाडा वॉटसन यांनी रेडिओच्या नोंदी तपासल्यात: बायकांची गाणी जास्त करून वाजतात ती संध्याकाळी उशिरा आणि रात्री, लोक झोपल्यावर. आमची दिवेलागण म्हणजे तिथली सकाळ, गाडीत बसून कामाला निघालेल्यांची, सगळ्यात जास्त ऐकली जाणारी वेळ. तेव्हा बाप्ये. म्हणजे त्यांनी मध्यरात्रीला ढकललेल्या बायका माझ्या जेवणावळीला हजर!

तिथल्या रेडिओवर जास्त वाजलेल्या कंट्री गाण्यांच्या वर्षाअखेरच्या यादीत 2000 साली गायिकांची गाणी 33.3 टक्के होती, 2018 साली 11.3. त्याच वर्षी डिसेंबरात बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या कंट्री एअरप्ले यादीत, म्हणजे रेडिओवर वाजणाऱ्या कंट्री गाण्यांच्या क्रमवारीत, एका आठवड्याला पहिल्या वीसात एकही बाई नव्हती. आणि किटी वेल्स ही गायिका 1952 सालीच कंट्री यादीत पहिल्या नंबरावर गेली होती! दोन बायकांची गाणी लागोपाठ लावायची नाहीत, असा तिथल्या स्टेशनवाल्यांचा जुना दंडकच. अर्थात आमच्या दशावतारात बाईचं सोंगही परंपरेने बाप्येच घेतात, तेव्हा आपण फार नाक वर करायला नको.

2015 साली कीथ हिल नावाच्या रेडिओ सल्लागाराने सांगून टाकलं की रेटिंग हवं तर बायकांची गाणी काढा. त्याच्या मते सॅलडचा पाला म्हणजे पुरुष, बायका म्हणजे त्यातले टोमॅटो. हे ऐकून माझं डोकंच फिरलं. भाच्याला म्हटलं, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं पाच-सहाच पडतात, ती काढून बघ म्हणावं. मग रात्री ओटा पुसताना लक्षात आलं, अगो बाई, मीसुद्धा बायकांना चवीपुरतंच धरलं की! तिरफळ तर आपण खाताना ताटाच्या कडेला काढून ठेवतो.

तर सेटला पाचपैकी चार तारे, एक पासवर्डापायी कापला. स्वयंपाकघरासाठी जरूर घ्या, फक्त शेगडीपासून हातभर लांब ठेवा. दुपारी माझं चार नंबरचं बटण चालू असतं. संध्याकाळी बंद. भाच्याला सांगून ठेवलंय, पुढच्या गणपतीला कॅसेट वाजवणारं काहीतरी बघ. डॉलीच्या कॅसेटी अजून कपाटात आहेत. दोनांना बुरशी आलीय, बाकीच्या वाजतील.